आत्या चालत नाही

"अगंबाई, कालच गेली हो!"

अर्धवट उघडलेल्या दारातून आलेला, साखरेत घोळलेला हा आवाज देवानंद मेश्रामच्या कानात अजून तसाच आहे. नागपूरच्या एका बोळात, बाबांचं बोट धरून, तो तेव्हा भाड्याची खोली शोधत हिंडायचा. दारातली बाई आधी हसायची, मग गाव विचारायची, मग आडनाव विचारायची. आडनाव ऐकलं की तिचा चेहरा असा काही पडायचा की छोट्या देवानंदला तिची कीव यायची. "कालच गेली हो!" पुढच्या दारीही कालच गेलेली, त्याच्या पुढच्या दारीही. त्याला वाटे, घरोघरी कुणी ना कुणी म्हातारी वारते आहे. एके संध्याकाळी त्यानं घरी येऊन आईला मोठ्या गंभीरपणे सांगितलं, "आई, त्या वस्तीत नको जाऊ राहायला. तिथं रोज बायका मरतात." आई हसली नाही. का हसली नाही ते कळायला त्याला बरीच वर्षं लागली.

आता देवानंदचं स्वतःचं घर होतं. अमेरिकेतल्या ॲन आर्बरमध्ये, बस थांब्यापासून जवळ, मेपलच्या झाडाखाली. घराला बाजूनं जिना, जिन्याच्या वर दोन खोल्या, खोल्यांना जोडून छोटं स्वयंपाकघर, आणि त्या सगळ्याला मिळून एक कुलूप. कुलपाच्या आत साड्या वाळत घालायला अत्यंत सोयीचं असं धावण्याचं यंत्र होतं, आणि चाकं तुटलेल्या चार बॅगा होत्या, ज्या 'भारतात जाताना लागतील' म्हणून प्रत्येक वेळी इथेच राहत. देवानंद एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होता. म्हणजे दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायच्या आणि त्याबद्दल पगार घ्यायचा. हे काम त्याच्या आळीतली माणसं जन्मभर फुकट करत आली, याचं त्याला वाईट वाटे.

प्रकरण सुरू झालं ते रविवारच्या जेवणावर. उपासना मेश्राम आपल्या पाच वर्षांच्या नैनाला घेऊन आली होती. आडनाव तेच, पण नातं काही नाही. नागपुरात मेश्राम इतके, की गर्दीत हाक मारली तर निम्मा बाजार वळून बघेल. उपासना देवानंदच्या मुलीच्या, सियाच्या, शाळेत स्वयंपाकघरात कामाला होती. भीमजयंतीच्या कार्यक्रमात ओळख झाली, तिसऱ्या भेटीत ती देवानंदला दादा आणि मीराला वहिनी म्हणू लागली, आणि सियानं तिची आत्या करून टाकली. सध्या ती मायलेकी एका मैत्रिणीच्या हॉलमध्ये सोफ्यावर झोपत होत्या.

"व्हाउचर भेटलं न दादा," उपासना भात कालवत म्हणाली. "इतकी वर्षं यादीत होती, आता नंबर लागला."

सरकारी व्हाउचरचा प्रकार असा. ज्याची कमाई थोडी, त्या भाडेकरूनं आपल्या मिळकतीतला ठरावीक वाटा भाड्यापोटी द्यायचा, उरलेलं भाडं हाउसिंग ऑफिस थेट घरमालकाला देतं. घर मात्र आपलं आपण शोधायचं. मालक राजी हवा, घर तपासणीत पास व्हायला हवं, आणि हे सगळं मुदतीच्या आत. मुदत संपली की व्हाउचर परत, आणि पुन्हा यादीचं शेपूट.

"मग घर बघितलं का कुठं?" मीरानं विचारलं.

"बघते न वहिनी. फोनवर तर लई गोड बोलतात. व्हाउचर म्हटलं की म्हणतात, सॉरी, जस्ट यस्टरडे गेलं. काल गेलं. सगळीकडे कालच गेलं बाप्पा!"

देवानंदनं हातातला घास ताटात परत ठेवला आणि म्हणाला, "वरचं घर घे."

मीरानं नवऱ्याकडे पाहिलं. लग्नाला बरीच वर्षं झालेल्या बाईच्या त्या नजरेत होकार होता, पण त्या होकाराच्या मागे धावण्याचं यंत्रही होतं.

बातमी मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचायला वेळ लागला नाही. मराठी माणूस परदेशात एकटा पडतो असं म्हणणाऱ्यानं कधी घर भाड्यानं देऊन पाहिलेलं नाही. वल्लरी म्हणाली, "अरे, गव्हर्नमेंटशी कशाला पंगा यार? ॲमेझॉनवाला कुणीतरी बघ ना." एकनाथ म्हणाला, चांगलं आहे, भाडं बुडत नाही, पण इन्स्पेक्शन फार कडक असतं म्हणे. 'म्हणे'च्या पुढे कुणालाच काही माहीत नव्हतं. अपवाद एक, चंद्रशेखर काकांचा.

चंद्रशेखर काका मंडळाचे माजी अध्यक्ष. मूळचे पुण्याचे, त्यामुळे माजी असले तरी अध्यक्ष. सत्तरीकडे झुकलेले, डोक्याला लोकरीची टोपी, बोलण्याला धार. काही वर्षांपूर्वी सुलभाकाकूंच्या मागे त्यांनी मोठं घर विकून छोट्या फ्लॅटमध्ये बिऱ्हाड हलवलं होतं, गाडीही काढून टाकली होती, आणि माणसाला जगायला किती कमी लागतं यावर मंडळात एक व्याख्यानही दिलं होतं. ते व्याख्यान ऐकून तिघांनी आपापल्या घरातली भांडी दान केली, आणि पुढच्या महिन्यात नवी आणली.

काका बसनं आले, जिना चढले, आणि कमरेवर हात ठेवून वरचं घर बघू लागले.

"ही खिडकी उघड."

देवानंदनं ती वर सरकवायला जोर लावला. खिडकी हलली नाही. मागच्या उन्हाळ्यात त्यानं स्वतःच्या हातानं तिला रंग दिला होता, इतक्या मायेनं, की खिडकी आणि चौकट आता कायमची एकजीव झाली होती.

"उघडली पाहिजे. नुसती उघडून चालत नाही, उघडल्यावर आपली आपण वर राहिली पाहिजे. काठीचा टेकू लावायचा नाही. जिन्याला कठडा कुठाय? शेगडीचे चारही बर्नर पेटतात का? आणि हे काय आहे?"

छताला धुराची घंटा होती, आणि घंटेला अंघोळीची प्लास्टिकची टोपी घातलेली होती. खालीही तशीच होती. फोडणी दिली की घंटा वाजते, घंटा वाजली की शेजारचा म्हातारा बाहेर येतो, म्हणून परदेशातली निम्मी मराठी घरं आपल्या छताला टोपी घालतात.

"काढ ती. तपासायला येतात त्या बाई पहिल्यांदा वरच बघतात."

"काका, तुम्हाला कसं हो इतकं माहीत?" मीरानं विचारलं.

"माणसानं वाचत असावं, मीरा."

देवानंदनं सुट्टी काढली आणि कामाला हात घातला. खिडकीची फट सुरीनं मोकळी करताना काच तडकली. काच बसवायला माणूस आला, तो म्हणाला, चौकटच कुजली आहे. मग चौकट. कठडा तर देवानंद स्वतःच बसवणार होता, कारण त्यानं एक व्हिडिओ पाहिला होता आणि त्यातला गोरा माणूस शिट्टी वाजवत कठडा बसवत होता. देवानंदनंही शिट्टी वाजवत भिंतीत ड्रिल घातलं. भिंतीनं थोडा वेळ सहन केलं आणि मग तिच्यातून बारीक, नितळ, डोंगरातल्या झऱ्यासारखं पाणी आलं. वर झरा आणि खाली स्वयंपाकघरात मीराच्या कुकरवर धबधबा. प्लंबरनं पाणी बंद करून फुटलेली नळी जोडली, जाताना पाणी तापवायच्या टाकीचा गॅसही बंद करून गेला, आणि पुढचे काही दिवस मेश्राम कुटुंब मिशिगनच्या थंडीत थंड पाण्यानं अंघोळ करत बुद्धाच्या सहनशीलतेबद्दल बोलत राहिलं.

उपासना संध्याकाळी मदतीला यायची. नैना आणि सिया तुटक्या बॅगांत बसून विमानानं भारतात जायच्या, आणि उपासना खिडकीचा रंग खरवडता खरवडता, आजीकडून आलेल्या चालीवर, काहीबाही जुळवत राहायची:

"खिडकी उघडंना बाई, रंग बैसला बैसला,
वारा दारात उभा गं, त्यानं पत्ता इचारला."

"पत्ता देऊ नको त्याला," मीरा खालून ओरडायची, "आधी इन्स्पेक्शन होऊ दे!"

पहिल्या तपासणीला हाउसिंग ऑफिसच्या मिसेस टॉलिव्हर आल्या. धिप्पाड, शांत, हातात टॅब. त्यांनी पहिल्यांदा वरच बघितलं. मग चारही बर्नर पेटवले. चौथा पेटला नाही. कठड्याला हात लावला, कठडा किंचित हलला. देवानंद मागेमागे हिंडत होता. आयुष्यभर त्यानं तरण्या प्रोग्रामरांना 'नापास' असं लिहून पाठवलं होतं, आणि प्रत्येक वेळी त्याला वाटलं होतं की ते उगाच मनाला लावून घेतात. मिसेस टॉलिव्हरनी टॅबवर बोट टेकवलं, आणि देवानंदला कळलं की मनाला लागतं.

"छान घर आहे," त्या म्हणाल्या. "नापास."

दुसरी तपासणी मुदतीच्या अखेरच्या आठवड्यात मिळाली. तोवर चौथा बर्नर पेटू लागला होता आणि कठडा असा घट्ट झाला होता की घर पडलं असतं, पण कठडा उभा राहिला असता. मिसेस टॉलिव्हरनी खिडकी वर सरकवली. खिडकी वर राहिली. सगळे खिडकीकडे श्वास रोखून बघत राहिले. मिसेस टॉलिव्हर हसल्या. इतका वेळ कामाच्या धबडग्यात नसलेला जिव्हाळा त्यांच्या आवाजात आला, आणि त्यांनी उपासनाच्या कुशीत शिरलेल्या सियाला सहज विचारलं, "आणि या कोण तुझ्या?"

"शी'ज माय आत्या," सिया म्हणाली. शाळेत भाषांतराचं बक्षीस मिळवलेली मुलगी ती. "इट मीन्स माय डॅड्स सिस्टर."

मिसेस टॉलिव्हरचं बोट टॅबवर थांबलं.

नियम होता. घरमालक हा भाडेकरूचा आईबाप, मूल, आजीआजोबा, नातवंड, बहीण किंवा भाऊ असला, तर ते घर व्हाउचरवर चालत नाही. भावानं बहिणीला घर द्यायचं आणि भाडं सरकारकडून घ्यायचं, हे सरकारला पटत नाही. यात सरकारचं काही चुकतं असंही नाही.

"तुम्ही यांची बहीण?"

उपासना घाबरली. घाबरली की ती खरं बोलायची, आणि खरं बोलताना इंग्रजी अडखळायचं. "नो, नो. दादा इज... ब्रदर. नॉट ब्रदर. ओन्ली दादा."

देवानंद पुढे सरसावला. "मॅडम, आमच्याकडे सगळेच भाऊ-बहीण असतात." मग शाळेत रोज हात पुढे करून म्हटलेली प्रतिज्ञा त्याला आठवली, आणि त्यानं तिचा आधार घेऊन मिसेस टॉलिव्हरना समजावलं की भारतातले झाडून सगळे लोक त्याची भावंडं आहेत.

"म्हणजे यासुद्धा," मिसेस टॉलिव्हर म्हणाल्या.

"यासुद्धा," देवानंद म्हणाला. मीरानं कपाळाला हात लावला.

ऑफिसनं लेखी खुलासा मागितला. तोही दोघांचं आडनाव एकच असल्याकडे लक्ष वेधून. ज्या आडनावानं त्याच्या बाबांना खोली मिळाली नव्हती, ते आडनाव सात समुद्र ओलांडून इथवर आलं होतं, आणि अजूनही कुणाला तरी खोली मिळू देत नव्हतं.

अमकी बाई आपली बहीण नाही हे सिद्ध कसं करतात? बहीण असल्याचे दाखले निघतात, नसल्याचे निघत नाहीत. ग्रुपवर सल्ल्यांचा पाऊस पडला. वल्लरी म्हणाली, डीएनए टेस्ट करून टाका, सरळ. एकनाथ म्हणाला, "उगाच फाटे फोडू नकोस. स्पष्ट लिही की सख्खी नाही, मानलेली बहीण आहे. विषय संपला."

देवानंदला ते पटलं. त्यानं लिहिलं की ही माझी सख्खी बहीण नाही. मग 'मानलेली'वर येऊन तो अडला. मानलेली म्हणजे जन्मानं नाही, आपणहून स्वीकारलेली. स्वीकारलेली म्हणजे? त्यानं बराच विचार केला आणि लिहिलं, 'ॲडॉप्टेड सिस्टर.' मग समाधानानं बटण दाबलं.

उत्तर लगेच आलं. खुलाशाबद्दल आभार. दत्तक बहीणही कायद्यानं बहीणच. काही म्हणायचं असल्यास शुक्रवारी दुपारी यावं. व्हाउचरची मुदत शुक्रवारीच संपत होती.

त्या दिवसापासून घरात नात्यांची जमावबंदी लागू झाली. मीरानं फ्रिजवर तक्ता लावला: काकू चालते, मामी चालते, आत्या चालत नाही. सियानं उपासनाला 'मिस उपासना' म्हणायचं ठरलं, आणि म्हणून झाल्यावर ती बाथरूममध्ये जाऊन रडून आली. उपासना देवानंदला 'मिस्टर' म्हणू लागली, पण जीभ ऐकेना, तेव्हा 'मिस्टर दादा' झालं.

"काहून इतकं करता माझ्यासाठी?" तिनं एकदा विचारलं. "नसंल होत तर राहू द्या. सोफा काय वाईट नाही."

नैना तेव्हा वरच्या खोलीत, उघड्या खिडकीशी उभी राहून, ही खिडकी आपली हे वाऱ्याला सांगत होती. 

शुक्रवारी सगळे हाउसिंग ऑफिसात पोचले. चंद्रशेखर काकांना साक्षीला आणलं होतं. आधी ते नको म्हणाले होते. पाय दुखतो म्हणाले, बसची वेळ जुळत नाही म्हणाले. देवानंद गाडी घेऊन दारात उभा राहिला तेव्हा टोपी खाली ओढून येऊन बसले, आणि वाटेत कधी नव्हे ते एकही सल्ला दिला नाही.

अधिकारी मिस्टर हॉलिस मऊ आवाजाचे होते. शेजारी मिसेस टॉलिव्हर बसल्या होत्या. काकांना पाहून त्यांच्या भुवया किंचित वर गेल्या आणि खाली आल्या. काकांनी टोपी आणखी खाली ओढली.

"हे आमच्या मंडळाचे अध्यक्ष," देवानंद म्हणाला. 'माजी' त्यानं गाळलं. "हे सांगतील."

काकांनी घसा साफ केला आणि मराठी नातेवाचक शब्दांवर बोलायला सुरुवात केली. रिक्षावाला दादा, भाजीवाली मावशी, शेजारचे काका. बोलले सुरेख. मिस्टर हॉलिसनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"सर, हे तुम्ही सांगता म्हणून मी मान्यही करेन," ते म्हणाले. "पण त्यांच्या स्वतःच्या पत्रात दत्तक लिहिलंय. ते बाजूला ठेवायला माझ्या हातात काहीतरी हवं. असं बोलावणारे, आणि तरीही नातेवाईक नसलेले लोक या ऑफिसनं आधी कधी मंजूर केले असते, तर गोष्ट वेगळी. मला तरी आठवत नाही."

ऑफिस बंद व्हायला थोडाच वेळ उरला होता. बाहेर बर्फ भुरभुरायला लागलं होतं. उपासनानं नैनाच्या कोटाची बटणं लावायला घेतली, खालून वर, एकेक, सावकाश. वरचं बटण लागलं तेव्हा ती उठली.

"चला मिस्टर," ती म्हणाली. या वेळी तिची जीभ घसरली नाही.

काका खुर्चीतून हलले नाहीत. "देवानंद," ते म्हणाले, "तू जरा सगळ्यांना घेऊन बाहेर बस."

"का?"

"बस म्हणतोय ना."

"काका, वेळ नाही आता. काय असेल ते बोला!"

काकांनी दाराकडे पाहिलं, मग मिसेस टॉलिव्हरकडे.  बाईंना बोलता आलं असतं, पण गोष्ट काकांची होती. काकांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली. पांढरे केस विस्कटलेले होते. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजातलं पुणं कुठे दिसेना.

"मिस्टर हॉलिस, माझा घरमालक राज नावाचा पंजाबी मुलगा आहे. तो मला बाबा म्हणतो, म्हणजे वडील. मी त्याला बेटा म्हणतो, म्हणजे मुलगा. आमच्यात रक्ताचं काही नाही. माझ्या घराचं बरंचसं भाडं गेली काही वर्षं तुमच्याच ऑफिसातून जातं. आणि या बाई दर तपासणीला आमचं हे बाबा-बेटा स्वतःच्या कानांनी ऐकतात."

"ऐकते," मिसेस टॉलिव्हर लगेच म्हणाल्या, जणू त्या याच वाक्याची वाट बघत होत्या. "आणि यांची खिडकी उत्तम आहे."

मिस्टर हॉलिस कीबोर्डकडे वळले. काहीतरी शोधलं, वाचलं, मान डोलावली, आणि मिसेस टॉलिव्हरकडून एक सही घेतली. मग उपासनासमोर कागद सरकवून म्हणाले, "मॅडम, बसा. कोट काढला तरी चालेल."

उपासना बसली. नैनानं विचारलं, "मम्मी, खिडकी मिळाली?" आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच कोटाची बटणं काढू लागली, वरून खाली.

देवानंद काकांकडे बघत उभा होता.  काकांनी टोपी घातली, पुन्हा काढली.

"सुलभाच्या आजारपणात सगळं गेलं रे," ते मराठीत, हळू आवाजात म्हणाले. "भाडं परवडत नव्हतं मला. तुम्हाला सांगायचं राहून गेलं."